आरंभीची शिल्लक

शनिवारी रात्री साडेनऊला लेकीचा फोन आला, तेव्हाच मी ओळखले की काहीतरी अडले आहे. एरवी तिचा फोन संध्याकाळी, ऑफिसातून परतताना, गाडी सिग्नलला थांबलेली असताना येतो. नातीच्या शाळेने ‘माझे बालपण’ असा प्रकल्प दिला होता. पाच फोटो चिकटवायचे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहायच्या, एवढेच. सोमवारी द्यायचा होता. म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे तो शनिवारी रात्री आठवला होता.

“आई, फोनमध्ये तेवीस हजार फोटो आहेत, आणि मला त्यातले पाच सापडत नाहीयेत,” ती म्हणाली. पहिल्या वाढदिवसाच्या केकचेच एकशेचाळीस होते. नातीला मात्र केक नको होता. ती पहिल्यांदा चालली तो दिवस तिला हवा होता. “व्हिडिओ काढला होता गं. जुन्या फोनवर असेल बहुतेक.” तो जुना फोन दोन वर्षांपूर्वी बंद पडला होता आणि बदलीत देऊन टाकला होता. थोडे थांबून ती म्हणाली, “तारीखसुद्धा आठवत नाही मला. कसली आई आहे मी?”

या शेवटच्या प्रश्नाने मी उठले आणि कपाटातून सासूबाईंची चिकटवही काढली.

‘स्क्रॅपबुक’ला मराठीत ‘चिकटवही’ हा इतका नेमका शब्द असताना आपण तो का टाकून दिला, कोण जाणे. सासूबाईंचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मी बँकेत नोकरीला, त्यामुळे लेकीचा दिवस त्यांच्याजवळ जाई. त्यांनी बाजारातून एक लांबट वही आणली, गव्हाच्या पिठाची खळ केली आणि पाच वर्षे त्या वहीत काहीबाही चिकटवले. पेशवे पार्कातल्या फुलराणीचे तिकीट, वाढदिवसाच्या फ्रॉकच्या कापडाचा तुकडा, पाटीवरून कागदावर उतरलेला पहिला वाकडा ‘अ’. फोटो सगळे मिळून सतरा. कॅमेरा दिरांचा, रोल छत्तीस फोटोंचा, आणि तो संपेपर्यंत धुवायला द्यायचा नाही असा घरचा कायदा. पण प्रत्येक पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात दोन-चार ओळी आहेत.

एका पानावर फोटो नाहीच. नुसत्या ओळी आहेत. ‘३० सप्टेंबर १९८९. आज घट बसले. बाळी चार पावले चालली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून देवघरापर्यंत. आई बँकेत, सहामाहीचे काम. यायला साडेनऊ झाले. बाळी जागी राहिली नाही.’ आणि त्याखाली वेगळ्या शाईने: ‘आज आईसमोर सहा पावले. आई रडली.’

मी रडले होते, हे मला आठवत नव्हते. ती पहिली पावले मला चुकली होती, एवढेच आयुष्यभर आठवत राहिले. ती बोच मी माझ्या दोन कादंबऱ्यांतल्या बायकांना वाटून दिली, तरी संपली नाही. दुसऱ्या दिवशीची सहा पावले मी साफ विसरले होते. ती सासूबाईंच्या वहीत जमा होती.

मी पानाचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि लिहिले, ‘तुझी आईसुद्धा असलीच होती.’

सांगायचा मुद्दा असा की फोटो आणि आठवण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या बाईला हे जरा लवकर कळायला हवे होते. व्हाउचर म्हणजे हिशेब नव्हे. व्हाउचरावरून लेजरात नोंद होते, तेव्हा कुठे पैसा कोणाचा, कशाचा हे ठरते. ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू, आणि त्या खात्यात रक्कम साठू लागली की तपासनीस डोळे वटारत. आजच्या तरुण आईबापांच्या फोनमध्ये मुलांचे सगळे बालपण असेच सस्पेन्स खात्यात पडून आहे. रक्कम मोठी, नोंद शून्य.

यावर उपाय म्हणून हल्ली ‘डिजिटल स्क्रॅपबुकिंग’ नावाचा छंद सांगितला जातो. संगणकावर किंवा फोनवर पान मांडायचे, त्यावर फोटो ठेवायचे, मजकूर लिहायचा आणि हवे तर छापून घ्यायचे. मूळ कल्पना जुनीच. मार्क ट्वेन या थोर अमेरिकन लेखकाने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पाणी लावले की चिकटायचे, खळीचा खटाटोप नाही. आता पाणीही नको. लेकीने दोन वर्षांपूर्वी हा छंद हौसेने सुरू केला होता. बारा इंच चौरसाचे पान, कोपऱ्यात फुले, कडेला नक्षी, सतरा प्रकारची अक्षरे. एका पानाला तीन रात्री लागल्या. दुसरे पान झालेच नाही.

नोकरी, डबा, क्लास आणि गृहपाठ सांभाळणाऱ्या बाईला किंवा बाप्याला तीन रात्री कुठून मिळणार? म्हणून माझे मत स्पष्ट आहे. नक्षी सोडा, नोंद धरा. आणि सुरुवात कशी करायची, ते मी बँकेतल्याच एका अनुभवावरून सांगते.

नव्वदच्या दशकात आमच्या शाखेत संगणक आला तेव्हा आमची छाती दडपली होती. रॅकमध्ये कित्येक वर्षांची लेजरे. हे सगळे टंकायचे कोणी? आमचे त्या वेळचे मॅनेजर शांतपणे म्हणाले, “जुने काहीही टंकायचे नाही. एक तारीख ठरवायची. त्या दिवशीची प्रत्येक खात्याची शिल्लक चढवायची आणि दुसऱ्या दिवसापासूनचा प्रत्येक व्यवहार यंत्रात घ्यायचा. जुनी लेजरे रॅकमध्ये आहेत, लागतील तेव्हा बघू.” ही जी पहिली रक्कम चढवायची तिला म्हणतात आरंभीची शिल्लक. ती एकदा लागली की हिशेब पुढे चालू लागतो.

चिकटवहीचे तेच आहे. तेवीस हजार फोटो आधी नीट लावू आणि मग सुरू करू, असे जो म्हणतो त्याची वही कधीच सुरू होत नाही. मुलाच्या जन्मापासून सुरू करायचा मोह तर अजिबात धरू नका. आजची तारीख धरा. आरंभीची शिल्लक म्हणून एकच पान करा. मूल आज केवढे आहे, काय खाते, कशाला घाबरते, कोणाला काय हाक मारते, आणि मागच्या वर्षांतले तुम्हाला ठळक आठवणारे चार प्रसंग. फोटो असले तर लावा, नसले तर नुसते लिहा. सासूबाईंच्या वहीत चालले, तुमच्या वहीत न चालायला काय झाले?

पुढे महिन्याला एक पान. वर्षाची बारा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, चहा संपेपर्यंत, त्या महिन्याचे फोटो एकदा वरून खाली चाळा आणि तीनच निवडा. सर्वांत सुंदर तीन नकोत, ज्यांच्यामागे काही गोष्ट आहे असे तीन घ्या. फोनवर आवडत्या फोटोला खूण करायची सोय असते, ती अशा वेळी कामाची. पानासाठी खास प्रोग्रॅमही लागत नाही. ऑफिसात ज्यावर सादरीकरणे करता त्याच पॉवरपॉइंटमध्ये एक स्लाइड म्हणजे एक पान. टंकायचा कंटाळा असेल तर फोन मराठी बोलणे ऐकून लिहितो. चुका करतो, पण हसवतोही.

प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी हव्यात. कोण, कुठे, केव्हा, आणि फोटोत न दिसणारे असे काहीतरी. फोनने काढलेल्या फोटोत तारीख-वेळ आपोआप नोंदलेली असते, परवानगी दिली असेल तर ठिकाणही. पण ‘निळ्या साडीतली बाई म्हणजे आजोबांची मावसबहीण’ हे फोन सांगणार नाही, आणि ‘या फोटोनंतर दोन मिनिटांनी पाऊस आला आणि सगळ्यांनी एकाच छत्रीत भेळ खाल्ली’ हे तर मुळीच नाही. आणखी एक. फोटो काढणारे माणूस फोटोत नसते. लेकीच्या घरात ते माणूस बहुधा तीच असते. तीस वर्षांनी नात अल्बम बघेल तेव्हा तिला वाटेल, आई कुठे होती? म्हणून ‘फोटो आईने काढला’ एवढे तरी लिहीत जा.

एक व्यवहारातली सूचना. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि त्याची मूळ माहितीही पुसली जाते. पडद्यावर तो बरा दिसतो, मोठा छापला की धूसर येतो. बारा इंचांचे पान उत्तम छापायला इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे एका बाजूला ३६०० ठिपके लागतात. तेव्हा लग्नातला चांगला फोटो कोणाकडून मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

आता आक्षेप. जावई म्हणाले, “आई, हल्ली फोनच आपोआप आठवणींची फिल्म करून दाखवतो, संगीतासकट.” दाखवतो खरा. लेकीच्या फोनने एकदा केकचे फोटो आणि माझ्या यजमानांचे हॉस्पिटलातले शेवटचे फोटो एकाच आनंदी सुरावर गुंफून दाखवले. यंत्र चेहरे ओळखते. त्या चेहऱ्यांचे एकमेकांशी काय नाते होते आणि त्या दिवशी घरात काय चालले होते, हे त्याला ठाऊक नसते. त्याला दोष नाही. ती नोंद आपण दिलेलीच नाही.

दुसरा आक्षेप माझ्या एका मैत्रिणीचा. क्षण जगावा, त्याची वही कशाला करावी? हे मला अर्धे पटते. मुलाच्या स्नेहसंमेलनात फोन उंच धरून बसलेल्या पालकांच्या रांगा बघितल्या की पूर्णच पटते. पण म्हणूनच मी महिन्याला तीन फोटो म्हणते. तीनच लावायचे आहेत हे ठाऊक असले की एकशेचाळीस काढायचा हात आपोआप आवरतो. आणि ही वही घरची आहे. ती जगाला दाखवण्यासाठी नाही. मूल कळते झाले की त्याला शेजारी बसवा, त्यालाच फोटो निवडू द्या. ‘हा नको’ म्हणाले तर तो काढून टाका. खाते त्याचे आहे, आपण फक्त पालक म्हणून सही करतो.

राहिला प्रश्न जपण्याचा. आमच्या तिजोरीच्या किल्ल्यांचा दुसरा जोड त्याच शाखेत कधी नसे, तो दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे. जाणकार फोटोंबद्दल तेच सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आकाशातल्या साठवणीवर एकट्यावर विसंबू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, २०१६ साली पिकासा गेले, आणि गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबवली. यात फसवणूक कोणाचीच नाही. दुकाने आहेत, ती बंद होतात, भाव बदलतात. म्हणून वर्षअखेरीस बारा पाने छापून घ्या आणि शिवून वही करा. खळीने चिकटवलेले सतरा फोटो माझ्या कपाटात पस्तीस वर्षांवर टिकले, त्यांना कधी पासवर्ड लागला नाही.

त्या रात्री लेकीने शाळेच्या प्रकल्पात चार फोटो लावले आणि पाचवी चौकट रिकामी ठेवली. तिच्याखाली तिने लिहिले आणि मला वाचून दाखवले: ‘या दिवसाचा फोटो आमच्याकडे नाही. पण त्या संध्याकाळी वीज गेली होती आणि बाबांच्या हातातल्या बॅटरीचा उजेड पकडायला तू चाललीस.’ म्हणजे आठवत होते तर! तारीख गेली होती, दिवस शिल्लक होता. कोणीतरी विचारायला हवे होते, एवढेच.

विचारणारे आज घरात आहे, आणि सांगणारेही आहेत. दोघे एकाच वेळी घरात असण्याची वर्षे मोजकीच असतात, हे माझ्या वयाला लख्ख दिसते. आज रविवार आहे. तारीख आजचीच धरा.