चंद्रपूर की गडचिरोली? फिरणं, खाणं आणि खरेदीत कोण पुढे, आणि का?

चंद्रपूर आणि गडचिरोली ही दोन जिल्ह्यांची मुख्यालयं. मधलं अंतर सुमारे ८० किलोमीटर, आणि वाटेत वैनगंगा. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तर दोन्ही शहरं एकाच जिल्ह्यात होती. पण संध्याकाळी बाहेर पडून काहीतरी खायचं, थोडी खरेदी करायची आणि उशिरा घरी परतायचं म्हटलं, तर दोन्हीकडचा अनुभव अगदी वेगळा आहे.

कायद्याने दोन्ही शहरांना सारखीच मुभा आहे. राज्यातली दुकानं आणि हॉटेलं २४ तास सुरू ठेवायला २०१७ च्या कायद्यानेच परवानगी दिली. दारू विकणारी ठिकाणं मात्र त्यातून वगळली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा एकदा शासन निर्णय काढून हे स्पष्ट केलं. मग फरक पडतो कुठे?

आधी आकडे बघूया

२०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार, तर गडचिरोलीची सुमारे ५४ हजार. म्हणजे चंद्रपूर जवळपास सहापट मोठं. एकीकडे महानगरपालिका, दुसरीकडे नगरपरिषद.

पण लोकसंख्येपेक्षा महत्त्वाचं आहे ते लोकांच्या हातात येणारा पैसा आणि त्यांच्या कामाच्या वेळा. चंद्रपूरच्या आसपास कोळसा खाणी आहेत, २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरची पेपर मिल आणि भद्रावतीची आयुध निर्माणी आहे. शिफ्टमध्ये काम करणारा माणूस रात्री उशिरा सुटतो आणि त्याला तेव्हाच चहा-नाश्ता लागतो. शिवाय शहर दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे.

गडचिरोली शहर प्रामुख्याने सरकारी कार्यालयांवर चालतं. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आलं, अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण कार्यालय सुटलं की बाजारही लवकर आवरायला लागतो.

खरेदीत चंद्रपूर पुढे, पण गोष्ट इतकी सोपी नाही

लग्नाचा बस्ता, दागिने, मोबाइल, फर्निचर यासाठी चंद्रपूरचं पारडं जड आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या गोंडकालीन दरवाजांच्या आतलं जुनं शहर आणि गोलबाजार हा आजही व्यापाराचा गाभा आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे खरेदी आपोआप संध्याकाळनंतर सरकते.

गडचिरोलीत सगळं इंदिरा गांधी चौकाभोवती फिरतं. चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि चामोर्शी या चारही दिशांचे रस्ते इथे मिळतात. पण जिल्हा १४ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे आणि त्याचा बहुतांश भाग जंगल. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याचं ठिकाण सुमारे २०० किलोमीटर लांब पडतं. गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणा, म्हणून त्याची खरेदी मंचेरियल किंवा वरंगलकडे वळते. देसाईगंज म्हणजे वडसाकडचा माणूस ब्रह्मपुरी किंवा नागपूर गाठतो. म्हणजे जिल्ह्याचा पैसा जिल्ह्याच्या मुख्यालयात थांबतच नाही. गडचिरोलीचा बाजार लहान राहण्याचं हेही एक मोठं कारण आहे.

जेवणाचं काय?

चंद्रपुरात सकाळी तर्री पोहे, रात्री सावजी मटण, मधे दाक्षिणात्य पदार्थ असा सगळा मेळ आहे. ताडोबाला येणाऱ्या पर्यटकांचा काही पैसाही शहरात येतो, मात्र बरेच जण मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या रिसॉर्टमध्येच राहतात.

गडचिरोलीची खरी चव घराघरांत आहे. भात, बांबूचे कोवळे वास्ते, अंबाडीची भाजी, मोहफुलाचे पदार्थ. हॉटेलच्या मेन्यूवर मात्र हे क्वचितच दिसतं, तिथे पनीर आणि चायनीजच जास्त. जे इतर कुठे मिळत नाही, तेच विकायला ठेवलेलं नाही.

सगळ्यात मोठा फरक: दारूबंदी

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह अनेक संघटनांनी उभ्या केलेल्या लोकचळवळीतून ती आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली महिलांनी मोठं आंदोलन केलं आणि १ एप्रिल २०१५ पासून तिथेही बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती उठवली. बंदीनंतर अवैध दारू आणि गुन्हे वाढले, महसूल बुडाला, असं कारण सरकारने दिलं. बंदीच्या समर्थकांचं म्हणणं होतं की अंमलबजावणी नीट झाली नाही, हा बंदीचा दोष नव्हे.

याचा परिणाम थेट रात्रीच्या बाजारावर होतो. चंद्रपुरात बार आणि परमिट रूम आहेत, गडचिरोलीत नाहीत. मोठ्या हॉटेलांचा नफा बऱ्याचदा दारूवर उभा असतो, त्यामुळे गडचिरोलीत अशी हॉटेलं यायला कचरतात. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या घरातली मजुरी दारूत जात होती, त्या घरातल्या बाईसाठी 'नाइटलाइफ' या शब्दाचा अर्थ वेगळा असतो. त्यामुळे बार नाहीत म्हणून शहर मागास, असं समीकरण मांडता येत नाही.

मग रात्री गडचिरोलीत काहीच नाही?

आहे, आणि ते चंद्रपूरच्या बारपेक्षा खूप मोठं आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. धान घरात आलं की गावोगावी शंकरपट आणि मंडई भरते आणि रात्रभर तिकीट लावून नाटक चालतं. आजूबाजूच्या गावांतून लोक कुटुंबासह येतात, पहाटे घरी जातात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता चित्र बदलेल का?

कोनसरीचा लोह प्रकल्प, सुरजागडची खाण आणि वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचं काम यामुळे गडचिरोलीत पैसा येऊ लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने ६० साथीदारांसह इथेच शस्त्रं खाली ठेवली. रात्रीच्या प्रवासाची जुनी भीती त्यामुळे कमी होईल. जंगलातल्या रस्त्यांवर वाघ-बिबट्याची भीती मात्र दोन्ही जिल्ह्यांत कायम आहे.

आज निवड करायचीच असेल, तर खरेदी आणि हॉटेलिंगसाठी चंद्रपूर, हिवाळ्यातल्या एका रात्रीसाठी झाडीपट्टी. पण खरा प्रश्न वेगळा आहे. कारखान्यात पगार घेणारा तरुण तो पैसा गडचिरोलीतच खर्च करेल का? त्यासाठी रात्री उशिराची बस, उजेड असलेले रस्ते आणि बाईमाणसाला निर्धास्त बसता येईल अशी खाण्याची ठिकाणं लागतात. यातल्या एकाही गोष्टीसाठी दारूबंदी उठवावी लागत नाही.