गच्चीवरची काळी धूळ

रायपूरला बदली होऊन दीड वर्ष झालं. इथे आल्यावर बायकोची पहिली तक्रार होती ती वाळत घातलेल्या कपड्यांची. सकाळी पांढरी बनियन दोरीवर टाकली की संध्याकाळी तिच्यावर बारीक काळे कण. शेजारच्या काकूंनी तिला शिकवलं, झटकू नकोस, फुंकर मार, झटकलं की डाग पडतो. सिलतरा आणि उरला भागात स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. वारा फिरला की कपडे आत घ्यायचे, हे आता आमच्याही अंगवळणी पडलंय.

मला ही धूळ नवी नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. बाबा कोळशाच्या खाणीत होते. माझी फी, सायकल, भरतीच्या तयारीतलं दूध, सगळं त्या पगारातून आलं. त्यामुळे 'खाणी बंद करा' असं म्हणायला मला तोंड नाही. माझं भांडण आहे ते खाणीतून आलेल्या पैशाशी.

2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. जुन्या पट्टेदाराने रॉयल्टीच्या 30 टक्के, लिलावात पट्टा मिळालेल्याने 10 टक्के रक्कम त्यात भरायची. पैसा कोणाचा? खाणीमुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांचा. केंद्राच्या नियमाप्रमाणे आधी किमान 60 टक्के, 2024 पासून 70 टक्के निधी प्राधान्याच्या कामांवर खर्च व्हायला हवा. कल्पना चांगलीच आहे. पण प्राधान्याच्या यादीत पिण्याचं पाणी आणि प्रदूषण आहे, तसंच शिक्षण, आरोग्य, कौशल्य विकासही आहे. म्हणजे हवा-पाण्याला हात न लावता नुसत्या इमारती बांधल्या तरी कागद चोख राहतो. फौजेत राहून एवढं शिकलोय की कागद चोख असला की तपासणीवाला पुढे जातो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. हा पैसा टनावर येतो. जास्त खोदाई, जास्त निधी. दारूच्या गल्ल्यावर व्यसनमुक्ती केंद्र चालवण्यासारखंच हे. ज्या राज्याचं बजेट खनिजावर टेकलेलं आहे, त्याला 'नको' म्हणणं जड जातं.

हसदेव अरण्याचं बघा. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथले आदिवासी सुमारे 300 किलोमीटर चालत रायपूरला आले. जुलै 2022 मध्ये छत्तीसगड विधानसभेने तिथले सगळे कोळसा ब्लॉक रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. तरी डिसेंबर 2023 मध्ये परसा ईस्ट केते बासन खाणीसाठी पोलीस बंदोबस्तात झाडं पडली. सरकार कोणाचं, यावर मी लिहीत नाही, नोकरीत आहे. पण त्याच जंगलातून हसदेव नदी वाहते, पुढे बांगो धरण आहे आणि त्याच्या कालव्यांवर जांजगीर-चांपाची भातशेती उभी आहे. रॉयल्टी दर टनामागे मोजली जाते. हे पाणी कोणत्या वहीत लिहिलं जातं?

माझ्या मते प्रतिष्ठानच्या निधीत हवा आणि पाण्यासाठी वेगळा हिस्सा बांधून द्यावा, तो दुसरीकडे वळवायला बंदी असावी. खर्चाचा हिशोब जिल्हा कचेरीच्या फाइलमध्ये न ठेवता खाणीला लागून असलेल्या गावांच्या ग्रामसभेत वाचावा. विहिरीची पातळी दरवर्षी मोजून तिथेच फळ्यावर लिहावी. याला काही फार मोठा खर्च येत नाही.

परवा फोनवर बाबांना हे सगळं सांगत होतो. ते खोकले, थोडं थांबले.

"आपल्या विहिरीला पाणी होतं तेव्हा तू तिसरीत होतास," एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला.