गुरुजी की धर्मसेवक?

अमेरिकेतल्या ल्यूथरपंथी शाळांत काही शिक्षकांना नुसती नेमणूक नसते. चर्चची मंडळी त्यांना पाचारण करते, आणि त्यांचे शिकवणे ही धर्मसेवा ठरते. मान मोठा खरा, पण तो महागही पडतो.

१९२० साली नेब्रास्कातल्या अशा एका शाळेत मुलाला जर्मन शिकवले म्हणून मास्तरांना २५ डॉलर दंड झाला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सरकारपुढे मास्तर जिंकले.

आता दुसरी गोष्ट ऐका. मिशिगनमधल्या होझॅना-टेबर शाळेतल्या एक बाई २००४ साली आजारी पडल्या. परतायला निघाल्या तो जागी दुसरे कोणी! 'कायद्याने हक्क मागेन' म्हणताच मंडळीने पाचारण मागे घेतले. धर्मकार्याला त्यांचा दिवसाकाठी पाऊण तास जाई. बाकी वेळ गणित, विज्ञान वगैरे. तरी २०१२ साली त्याच न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की बाई धर्मसेवक. त्यांना ठेवावे की काढावे, हा मंडळीचा प्रश्न.

धर्मात सरकारने ढवळाढवळ करू नये, हे मलाही पटते. पण मग परक्यांपासून वाचलेल्या शिक्षकाला आपल्या माणसांपासून कोणी वाचवायचे? माझ्या मते, ज्याला सेवक म्हणून गौरवायचे, त्याच्या दुखण्याखुपण्याची काळजी मंडळीनेच आधी वाहावी. नाहीतर नुसत्या मानाने औषधाचे बिल भागत नाही!