जिन्यातला दिवा आणि आजींची चाल

आमच्या इमारतीच्या जिन्यात ८ दिवे आहेत. ते रात्रभर जळतात आणि बिल सगळ्यांच्या माथी येते, यावरून दर महिन्याच्या बैठकीत वाद ठरलेला. अखेर हालचाल ओळखणारे सेन्सर बसवले. माणूस आला की दिवा लागतो, गेला की आपोआप विझतो. आम्ही सगळे खूश!

आठवडाभराने दुसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. गुडघे दुखतात म्हणून वळणावर भिंतीला टेकून दम घ्यायला थांबल्या. तेवढ्यात दिवा विझला. अंधारात पायरी चुकली, मनगट मुरगळले. थोडक्यात निभावले. चूक सेन्सरची नव्हती, आमची होती.

हा सेन्सर माणूस पाहत नाही. अंगाची उष्णता त्याच्यासमोरून सरकली, तरच त्याला कळते. स्तब्ध उभा असलेला माणूस त्याच्या लेखी नसतोच. दिवा किती वेळ जळावा हे ठरवणारे एक छोटे बटण त्यावर असते. बचत जास्त व्हावी म्हणून आम्हीच ते सर्वांत कमी वेळेवर ठेवायला सांगितले होते.

मग आम्ही हिशेबाची वही काढली. ९ वॉटचे ८ दिवे, रोज १२ तास, ३० दिवस : महिन्याला सुमारे २६ युनिट. सेन्सरमुळे दिवे रोज सरासरी २ तास जळाले, तर ४ ते ५ युनिट. तोच दिवा ४ तास जळू दिला, तरी ९ युनिटांच्या आत. म्हणजे आजींना अंधारात ठेवून आम्ही महिन्याला जेमतेम ४-५ युनिट जास्तीचे वाचवत होतो! एवढ्यासाठी कुणाचे हाड मोडायचे का?

आता ते बटण ३ मिनिटांवर आहे. वळणावरचा सेन्सर वरचा आणि खालचा दोन्ही जिने टिपेल असा फिरवून घेतला. शिवाय सेन्सर बिघडला तर दिवा हाताने लावता यावा, म्हणून एक साधे बटण वेगळे जोडून घेतले.

जोडणी दिसायला सोपी असते. सेन्सरला फेज आणि न्यूट्रल द्यायचे, त्याची तिसरी तार दिव्याकडे न्यायची आणि दिव्याचे न्यूट्रल थेट जोडायचे. पण हा २३० व्होल्टचा मामला आहे. घरातल्या हौशी मुलांच्या हाती तो देऊ नका. मेन बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच काम करून घ्या.

आणि वायरमन जाण्यापूर्वी एक करा. इमारतीत जो सर्वांत सावकाश जिना चढतो, त्याला एकदा चढायला सांगा. मध्ये थांबू द्या, दम घेऊ द्या. तो दारात पोहोचेपर्यंत दिवा जळत राहिला, तरच काम पुरे झाले असे समजा.