स्वहस्तें केलेला आल्बम

“एवढासा फोटो ठेवावयाचा, त्यासाठीं चामडें कापीत बसण्याची यातायात कोणीं करावी?” असा प्रश्न सुज्ञ पालक विचारतील. बाजारांत तयार आल्बम मिळतो, आणि खिशांतील मोबाइलमध्यें हजारों चित्रें मावतात, हें खरें. तथापि ज्या घरांत चित्रें हजारों, त्याच घरांत पणजीचा एकुलता एक फोटो कोठें आहे हें कोणास सांगतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. यास्तव प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां तरी स्वहस्तें चामड्याचा आल्बम करावा, असें आमचें प्रांजळ मत आहे.

आम्हां खानदेशवासीयांस ही गोष्ट सहज पटावी. जळगांवनजीकच्या असोदा गांवीं २४ ऑगस्ट १८८० रोजीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना व जात्यावर बसतांना त्यांच्या मुखांतून निघालेलीं गाणीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनीं वहींत उतरून ठेविलीं. १९५१ सालीं बहिणाबाई निवर्तल्या, परंतु वही घरांत होती. म्हणूनच १९५२ सालीं तीं गाणीं ग्रंथरूपानें महाराष्ट्राच्या हातीं आलीं. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं दिलेलीं गीता-प्रवचनेंहि साने गुरुजींनीं लिहून घेतलीं म्हणून टिकलीं. शब्दांची जी गति, तीच चेहऱ्यांची. कोणी तरी बसून जतन केल्यावांचून तीं राहत नाहींत.

आतां कृतीविषयीं. काम अवघड नाहीं, पण घाईचेंहि नाहीं. बाभळीच्या सालीनें वा हिरड्यानें कमावलेलें पातळ चामडें घ्यावें. पुठ्ठ्यावर दुमडावयाची कड रापीनें आंतून तासावी. न तासल्यास कोपरे ओबडधोबड होतात. पानें जाड कागदाचीं असावींत, व दर दोन पानांमध्यें शिवणीच्या बाजूस त्याच कागदाची बोटभर रुंद पट्टी घालावी. ही पट्टी विसरल्यास फोटो लाविल्यावर आल्बम फुगतो व मिटत नाहीं. आरीनें समान अंतरावर भोकें पाडून मेण लाविलेल्या दोऱ्यानें शिवावें. फोटोंस मात्र खळ किंवा गोंद लावूं नये. कागदी कोनांत ते खोंचावे, म्हणजे हवे तेव्हां काढतां येतात. बाजारी आल्बमांच्या चिकट पानांवर जुने फोटो पुष्कळदां असे धरले जातात कीं, सोडवितांना फाटतात.

कोणी म्हणतील, चामड्याचें काम आपलें नव्हे. हा विचार सोडावयास हवा. ट्रान्सवालमधील टॉल्स्टॉय फार्मवर १९१० नंतर गांधीजी स्वतः चपला शिवीत. त्यांचे सहकारी कॅलनबाख ही विद्या मॅरियनहिल येथील ख्रिस्ती मठांत शिकून आले होते, व त्यांजकडून गांधीजींनीं ती उचलली. ज्या जनरल स्मट्स यांनीं त्यांस तुरुंगांत टाकिलें, त्यांनाच गांधीजींनीं १९१४ सालीं स्वतः शिवलेल्या चपला भेट दिल्या. आपल्या गांवचा मोची रापी कशी धरावी हें जितकें अचूक दाखवील, तितकें कोणतेंहि पुस्तक दाखविणार नाहीं. त्याच्या शेजारीं तासभर बसून शिकणारा मुलगा त्या धंद्यास पुन्हां हलका म्हणणार नाहीं. ज्या घरीं चामडें वर्ज्य असेल, तेथें जाड खादीचें वेष्टन घालावें. शिवण तीच राहते.

खर्चाची सबबहि फारशी टिकत नाहीं. मोच्याकडील उरलेले तुकडे जोडून लहानसा आल्बम सहज होतो. खरी किंमत निराळीच आहे. प्रत्येक फोटोखालीं नांव, नातें, गांव व साल लिहावयाचें, तर आजीआजोबांजवळ बसावें लागतें. फेटा बांधलेला हा गृहस्थ कोण, कडेवरील मूल कोणाचें, हें विचारावें लागतें. हें काम पैशानें होत नाहीं व उद्यांवर टाकतां येत नाहीं, कारण उत्तरें देणारीं माणसें दिवसेंदिवस कमी होत आहेत. पुठ्ठा व दोरा पुढल्या वर्षींहि मिळेल. यास्तव, विद्यार्थिमित्रांनो, चामडें मिळेपर्यंतहि थांबूं नका. येत्या सुटींत प्रथम नांवें विचारून घ्या, प्रत्येक फोटोच्या पाठीं पेन्सिलीनें हलकेंच लिहा, आणि मग रापी हातीं घ्या.