मेणबत्त्या विझल्यानंतर

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी जगभर रस्त्यांवरील अपघातांत बळी पडलेल्यांचे स्मरण केले जाते. आपल्याकडेही नागरिक मेणबत्त्या घेऊन चौकात जमतात आणि पादचाऱ्यांनाच शिस्तीचे धडे ऐकवले जातात. या स्मरणाची झळ सत्तेला कोठे लागते?

२०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. पदपथ गिळून मोटारींना वाट देणाऱ्या नियोजनाचा यात हात असताना दैवाला बोल लावणे ही लबाडी होय. सदोष रस्त्यामुळे मृत्यू ओढवल्यास कंत्राटदार व अधिकारी यांना शिक्षेची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली खरी. पण दंड फार तर एक लाख रुपये! कोट्यवधींच्या कंत्राटात हा किरकोळ खर्च ठरतो.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० माणसे अशीच मेली; त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेथील नागरिकांनी ‘बालहत्या थांबवा’ अशी चळवळ उभारली, रस्ते अडवले आणि मोटारींच्या वेगाला आवर घालणारी रस्तारचना शासनाकडून मिळवली.

आपल्या शोकसभांनीही हीच वाट धरावी. प्रत्येक मृत्यूनंतर त्या रस्त्याची जाहीर चौकशी आणि अंदाजपत्रकात पदपथांसाठी स्वतंत्र तरतूद, एवढे पदरात पडेपर्यंत मेणबत्त्या विझल्या तरी मोर्चे थांबता कामा नयेत.