मोडक्या घोट्याचं कौतुक

परवा शुक्रवारी आमच्या टीम मीटिंगमध्ये एका पोराचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. मनगट सुजलेलं, त्याला पट्टा बांधलेला, तरी रात्र रात्र टायपिंग करून पठ्ठ्यानं रिलीज वेळेत काढलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "याला म्हणतात कमिटमेंट!" टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. घरी येताना मात्र डोक्यात एकच नाव घोळत होतं. ग्रँट हिल.

ज्यांचा बास्केटबॉल मायकेल जॉर्डनपाशी सुरू होऊन तिथेच संपतो, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९४ साली हिल डेट्रॉइट पिस्टन्सकडून एनबीएमध्ये आला. जॉर्डननंतर कोण, या प्रश्नाला तेव्हा जी दोन-चार उत्तरं होती त्यातलं हे एक. १९९९-२००० च्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला २५.८ गुण. एप्रिल २००० मध्ये, प्लेऑफला आठवडा उरला असताना, त्याचा डावा घोटा दुखावला. दुखतोय तर दुखू दे, म्हणून तो मायामीविरुद्ध उतरला. दुसऱ्या सामन्यात अर्ध्यातूनच बाहेर पडावं लागलं. घोट्याचं हाड मोडलेलं निघालं.

आणि ती मालिका? डेट्रॉइट ३-० ने हरलं. एवढ्यासाठी!

त्याच उन्हाळ्यात ऑर्लँडो मॅजिकनं त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे ९३ दशलक्ष डॉलर्सचा करार केला. पहिल्या तीन हंगामांत तो खेळला अनुक्रमे ४, १४ आणि २९ सामने. चौथ्यात शून्य. मधल्या काळात एकामागून एक शस्त्रक्रिया. मार्च २००३ मध्ये तर डॉक्टरांनी घोट्याचं हाड पुन्हा मोडून सरळ बसवलं. पाच दिवसांनी १०४.५ ताप, झटके, आणि जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग. पुढे सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक्स. तिशीतला धडधाकट खेळाडू घोट्यापायी मरता मरता वाचला.

आता गंमत बघा. हिल ऑर्लँडोला गेला त्या व्यवहारात डेट्रॉइटला बेन वॉलेस मिळाला. त्याच वॉलेसच्या बचावाच्या जोरावर डेट्रॉइट २००४ मध्ये विजेते झाले. हिल एकही सामना न खेळलेला हंगाम तो हाच. ज्या संघासाठी त्यानं मोडका घोटा पणाला लावला, त्या संघाचं त्याच्यावाचून काहीच अडलं नाही. कुणाचंच कुणावाचून अडत नसतं मंडळी, कंपनीचं तर नाहीच नाही.

आता लोक म्हणतील, "अरे पण तो परत आला ना? केवढी जिद्द!" आला की. २००४-०५ मध्ये ६७ सामने खेळला, सरासरी वीसच्या आसपास, ऑल-स्टारही झाला. पण माझं भांडण नेमकं याच वाक्याशी आहे. आपण पुनरागमनाला इतक्या टाळ्या वाजवतो, की पुनरागमनाची वेळ का आली हे विचारायचंच राहून जातं. घराला आग लागली तर विझवणाऱ्याचा सत्कार करावाच, पण शॉर्ट सर्किट कुठे झालं तेही बघाल की नाही?

शिवाय हिलचं खरं पुनरागमन वेगळंच आहे. २००७ मध्ये तो फिनिक्स सन्सकडे गेला. तिथले फिजिओ वय झालेल्या खेळाडूंना धड ठेवण्याबद्दल लीगभर नावाजलेले. २००८-०९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो हंगामातले सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. कारकिर्दीत पहिल्यांदाच! पुढच्या वर्षी ८१, त्याच्या पुढे ८०. सरासरी बारा-तेरा गुणांवर आली होती, काम होतं समोरच्या संघाचा मुख्य माणूस अडवायचं. आणि प्लेऑफची पहिली फेरी त्यानं पहिल्यांदा पार केली ती २०१० मध्ये. हे काही दात-ओठ खाऊन जमलेलं नाही. शरीराचं ऐकून, अहंकार बाजूला ठेवून जमलंय. २०१३ मध्ये चाळिशीत निवृत्त झाला, २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

इथं आपल्याकडे कुणीतरी कुंबळे काढणारच. २००२, अँटिगा, जबडा बांधून १४ षटकं, लारा बाद. मान्य! माझ्याही अंगावर काटा येतो. पण कुंबळेनं ते एकदा केलं आणि शस्त्रक्रियेसाठी सरळ घरचं विमान पकडलं. आपण मात्र अँटिगा दर महिन्याच्या स्प्रिंटमध्ये मागतोय.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी पाठ धरलेली असताना गोळ्या खाऊन एक रिलीज काढलं. बक्षीस म्हणून गिफ्ट व्हाउचर मिळालं. त्यानंतर तीन आठवडे मी आडवा, आणि क्लायंटनं ते रिलीज पुढच्या तिमाहीत ढकललं. माझी ३-० ती हीच. हिलकडे निदान करार तरी होता, खेळला नाही तरी पैसे मिळत होते. आपल्याकडे आहे सिक लीव्ह, तीही आपण अपराध केल्यासारख्या आवाजात मागतो.

दुखणं अंगावर काढून काम करणं म्हणजे शौर्य नव्हे, उधारी आहे. उधारी उचलायला लावतो एक, व्याज भरतो दुसरा. आणि टाळ्या वाजवणारे आपण जामीनही राहत नाही.

असो. आज सकाळी त्या पोराला फोन केला.

"हात कसा आहे रे?"

"ठीक आहे सर, गोळी घेतोय. सोमवारी येतोच आहे."

म्हटलं, सोमवारी ऑफिसला नाही, हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. तुझं काम मी बघतो, मॅनेजरशी मी बोलतो. पलीकडे जरा शांतता. मग हळूच म्हणाला, "सर, पण अप्रेझल आहे ना पुढच्या महिन्यात..."

त्याच्या या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुक्रवारी टाळ्या वाजवून ते वाक्य त्याच्या तोंडात मीच घातलं होतं.